उंबरमाळची मोजणी

लोक मला विचारतात, "सध्या नवीन काय लिहिताय?" खरं उत्तर द्यायचं तर "काही नाही" असं द्यावं लागेल. म्हणून मी एखादा किस्सा सांगते. समोरचा हसतो आणि मूळ प्रश्न विसरून जातो.

असं करता करता किस्सेच इतके साठले की आता त्यांना जागा पुरत नाही! माझ्या 'नववी वेस' या कादंबरीचे दोन भाग आले आणि तिसरा यायला मध्ये सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत, शेवटचे चार महिने सोडले तर, मी पानं लिहिली जेमतेम चाळीस. किस्से म्हणाल तर पोतंभर. लिहिणारं माणूस लिहितं तेव्हा खुर्चीत बसलेलं असतं, त्याला काय होणार? जे काही घडतं ते दोन पुस्तकांच्या मधल्या काळातच घडतं.

आमची मंडळी मोजून चार. मी मीनल, राहायला हडपसरला, नोकरीला खराडीत. दिवसा इंग्रजीत सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहायची, जी कोणी वाचत नाही. सुट्टीच्या दिवशी मराठीत राजे, जादू आणि शाप लिहायचे, जे थोडे लोक वाचतात. रेवा माझ्याच ऑफिसातली डिझायनर, माझ्या पुस्तकांची चित्रं तीच काढते. नाना आमचे प्रकाशक. त्यांचं ऑफिस बुधवार पेठेत, स्पीकर आणि अँप्लिफायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. आणि चौथे भालेराव भाऊसाहेब, प्रुफं तपासणारे.

हे सगळे किस्से मी आजवर 'आमच्या ग्रुपचे' म्हणून सांगत आले. परवा लक्षात आलं, की ते जवळजवळ सगळे भाऊसाहेबांचेच आहेत.

* * *

पण सुरुवात नानांपासून करायला हवी.

नाना म्हणजे अस्सल पेठेतला माणूस. कौतुक फारच अनावर झालं तर "वाईट नाही" इथपर्यंत जातात. पहिल्या भागाचं हस्तलिखित घेऊन मी त्यांच्याकडे गेले तेव्हा पाच प्रकाशकांचे नकार खिशात होते. एकानं "मराठीत हे चालत नाही" म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्यानं "लहान मुलांचं आहे ना?" म्हणून विचारलं होतं.

नानांनी गठ्ठा उचलून हातात तोलला. "किती पानं?"

"सहाशे."

"राजा कधी मरतो?"

"पाचशे ऐंशीव्या पानावर."

"इतका वेळ काय करतो?"

मी सांगायला लागले. वीस मिनिटं बोलले असेन. राज्य, त्याच्या आठ वेशी, नदीकाठची कोणालाच न सापडलेली नववी वेस, डोंगरातलं उंबरमाळ नावाचं खेडं, तिथली नायिका, तिची आजी चंद्राक्का, रानात राहणारा व्याळ. देवळाच्या भिंतीवर कोरलेला असतो ना, सिंहाच्या अंगाचा आणि हत्तीच्या सोंडेचा, तोच. नाना डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, रंगले.

मग त्यांनी डोळे उघडले. "हे सगळं घडतं कुठे?"

"काल्पनिक राज्यात."

"नक्की काल्पनिक? अशा नावाचा कोणी माणूस, गाव, संस्थान, काही नाही?"

"काही नाही."

"मग अब्रूनुकसानीचा दावा कोणी लावणार नाही. छापू!"

* * *

महिनाभरानं नाना म्हणाले, "प्रुफं भालेरावांकडे दिलीत. तुमच्या हडपसरचेच आहेत. जपून राहा."

भाऊसाहेबांनी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात काढली. भूकरमापक, म्हणजे लोकांच्या जमिनींची मोजणी करणारे. रिटायर झाल्यावर ते लायब्ररीतून पुस्तकं आणायचे आणि त्यातल्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून परत द्यायचे. लायब्ररीनं तक्रार केली ती नेमकी नानांच्या पुस्तकाबद्दल. नानांनी ते पुस्तक मागवून घेतलं, दुरुस्त्या बघितल्या, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून भाऊसाहेबांच्या दारात उभे राहिले.

त्यांची पद्धत अशी. लाल पेन्सिल शुद्धलेखनाला आणि निळी पेन्सिल मोजणीला. कादंबरीत कसली मोजणी, असं मलाही वाटलं होतं. माझ्या प्रुफांवर लाल खुणा होत्या तीस-चाळीस, निळ्या मात्र पानोपानी होत्या.

"पृ. ४७ वर सैन्य पूर्वेला निघाले. पृ. ५२ वर सूर्य मावळताना सैन्याच्या समोर आहे. आपण कुठे चाललो आहोत हे निदान सेनापतीला तरी माहीत आहे का?"

"पृ. ११८. घोडा सकाळपासून पळतो आहे. त्याला पाणी कोणी पाजले?"

"पृ. ३१. चंद्राक्का उंबरमाळला आपल्या अंगणात बसून नदीकाठच्या नवव्या वेशीतला दिवा बघते. मध्ये खिंड आहे. दिवा दिसेल कसा? सवडीने मोजून सांगतो."

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "भाऊसाहेब, म्हाताऱ्या बाईला दिवा दिसतो, तर दिसू द्या ना!"

"दिसू द्या की मॅडम. मी कुठं नको म्हणतोय? फक्त कुठं उभं राहिलं की दिसतो, तेवढं बघावं लागेल."

शेवटच्या पानाखाली तारीख, सही आणि एक ओळ होती: "शुद्धलेखन तपासले. मोजणी बाकी." मी ते वाचून खूप हसले होते. तेव्हा हसायला काही लागत नसे.

* * *

पहिल्या भागाचं प्रकाशन नानांच्या ऑफिसातच झालं. वीस खुर्च्या मावल्या, बाकीचे जिन्यात उभे राहिले. मी सेनापतीच्या मृत्यूचा प्रसंग वाचायला घेतला. सगळे गंभीर झाले. सेनापती शेवटचा श्वास घेत असतानाच खालच्या दुकानात कोणीतरी नवा स्पीकर लावून बघितला! ढोल-ताशाचा असा दणका की टेबलावरचे पेढे थरथरायला लागले.

नाना जिन्यात गेले आणि ओरडले, "अहो शेठ! इथं वर माणूस मरतोय, जरा आवाज बंद कराल का?"

आवाज चटकन बंद झाला. दोन मिनिटांत शेठ वर आले. हातात पाण्याची बाटली, मागे दुकानातली दोन माणसं, आणि त्या दोघांनी मिळून धरलेली एक खुर्ची. पेशंट खाली न्यायला!

"कोण आहे? कुठं आहेत?"

नानांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "या बाईंनी मारलाय."

शेठ त्याच खुर्चीवर बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठले नाहीत. पुस्तक विकत घेतलं. अजूनही मी जिना चढताना दिसले की काउंटरवरून विचारतात, "ताई, आज वर कोण?"

* * *

आता नकाशाची गोष्ट. अशा कादंबरीला सुरुवातीला नकाशा लागतो, त्याशिवाय वाचकाला चैन पडत नाही. रेवानं तो फार सुंदर काढला होता. डोंगर, वेशी, कोपऱ्यात व्याळ, आणि मधून वाहणारी तांबरा नदी, पाण्यात बारीक बारीक बाण.

भाऊसाहेब दरवर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जातात. नेमका त्याच आठवड्यात नकाशा छपाईला गेला. त्यांच्या नजरेखालून न जाता गेलेला आमचा तो एकमेव कागद.

परत आल्यावर त्यांनी छापील पुस्तक हातात घेतलं, नकाशा उघडला, आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाना, पाणी चढावर चाललंय."

खरंच की! बाण समुद्राकडून डोंगराकडे दाखवले होते.

रेवा रडवेली झाली. "ताई, सॉरी! गोष्टीत सगळ्या होड्या समुद्राकडून वर जातात ना, मला वाटलं ॲरो होड्यांचे दाखवायचेत. नदीचं लॉजिक माझ्या डोक्यातच आलं नाही."

नाना म्हणाले, "असू द्या हो भाऊसाहेब. काल्पनिक राज्य आहे."

"राज्य काल्पनिक आहे, नाना. उतार काल्पनिक नसतो."

पुस्तकं तर दुकानात गेली होती. शेवटी दुसऱ्या भागात मला चाळीस पानांचा एक शाप लिहावा लागला. एका ऋषीच्या शापानं तांबरा उलटी वाहते, समुद्राचं पाणी डोंगरात चढतं आणि वर साठून राहतं, असा. आमची चूक निस्तरायला बिचाऱ्या ऋषीला कामाला लावलं!

त्यानंतर एका कॉलेजातल्या प्राध्यापिका बाईंचं पत्र आलं. उलट्या नदीच्या रूपकानं त्या भारावून गेल्या होत्या आणि ते मला नेमकं कुठल्या क्षणी सुचलं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी पत्र रेवाला दाखवलं. ती म्हणाली, "ताई, शुक्रवारी संध्याकाळी. मला घरी जायची घाई होती."

* * *

दुसऱ्या भागानंतर मला जरा बोलावणी यायला लागली. खराडीतल्या एका मोठ्या सोसायटीनं 'लेखिका आपल्या भेटीला' असा कार्यक्रम ठेवला. क्लब हाउसमध्ये अकरा माणसं होती. त्यातली सात जणं नंतरच्या तंबोल्यासाठी जागा धरून बसलेली. आमच्याकडून मी, रेवा आणि मागच्या रांगेत भाऊसाहेब. ते माझा एकही कार्यक्रम चुकवत नसत. पीएमटीनं येणार, मागे बसणार, चहा न घेता जाणार.

प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठले. म्हणाले, "तुमचे राजे, शाप, प्राणी, सगळं ठीक आहे. पण यातून मुलांनी बोध काय घ्यायचा?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत आलेलं नाही. मी चाचपडत "म्हणजे, माणसाची मूल्यं..." असं काहीतरी सुरू केलं.

मागून भाऊसाहेब उठले. हात पाठीमागे बांधून, साहेबासमोर उभं राहतात तसे. "मी सांगू का? नदीच्या पात्रात बांधकाम करू नये, एवढा बोध घेतला तरी पुष्कळ आहे."

चेअरमन खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर नदी होती, अगदी जवळ!

त्या सोसायटीनं मला परत बोलावलं नाही.

* * *

रेवाच्या ओळखीच्या पोरापोरींनी एकदा खराडीतच एका कॅफेत वाचकांचा मेळावा भरवला. हा मात्र तुफान झाला. कोणी राणी बनून आलेलं, कोणी सेनापती. एक मुलगा पुठ्ठ्याची सोंड लावून व्याळ झाला होता आणि त्याला कॉफी पिता येत नव्हती.

थोड्या वेळानं दोन गटांत वाद पेटला. उंबरमाळ गाव नक्की कोणाचं? राजपुत्राचं की राणीचं? "भाई, राजपुत्रानं ते जिंकलंय!" "अरे, पण राणीला ते आंदण मिळालंय, सेकंड पार्ट वाच ना!" प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. मला विचारलं तर मलाही आठवेना. लिहिलं मीच होतं!

भाऊसाहेबांनी कापडी पिशवीतून एक फाइल काढली आणि फाइलमधून एक कागद. "वाद कशाला घालता? हा घ्या सातबारा."

त्यांनी उंबरमाळचा सातबारा तयार केला होता! स्वतःच्या सुंदर अक्षरात, रकाने आखून. भोगवटादार: चंद्राक्का. पीक: नाचणी, वरई. झाडे: उंबर एक. आणि 'इतर हक्क' या रकान्यात लिहिलं होतं, "व्याळाचा येण्याजाण्याचा पूर्वापार रस्ता."

"म्हणजे राजपुत्राचंही नाही आणि राणीचंही नाही," ते म्हणाले. "जमीन म्हातारीची आहे. तसं सातबारा काढणं हे तलाठ्याचं काम. पण मॅडमनी राज्यात तलाठीच नेमला नाही, म्हणून तात्पुरता चार्ज माझ्याकडे."

पोरांनी त्या कागदाचे फोटो काढून सगळीकडे टाकले. चार दिवसांनी नानांना फोन आला. वाघोलीचा कोणीतरी एजंट होता. "साहेब, ते उंबरमाळला गुंठा काय भावानं चाललाय? रोड टच आहे का?"

नाना म्हणाले, "रोड आहे, पण त्यावरून व्याळ जातो. आधी दोन्ही भाग वाचा, मग साइट व्हिजिटचं बघू!"

* * *

यानंतर किस्से जरा कमी झाले. तिसरा भाग मला लिहिता येईना.

शेवट माहीत नव्हता असं नाही. तो दुसऱ्या भागातच ठरून गेला होता. ऋषीचा शाप उतरणार, नदी सुलटी वाहणार, आणि इतकी वर्षं डोंगरात साठलेलं सगळं पाणी एका दमात खाली येणार. वाटेत उंबरमाळ. म्हणजे गाव बुडणार. राज्य वाचवायचं तर एवढी किंमत द्यायलाच हवी, असा तो भारदस्त शेवट होता. मला तो फार आवडायचा, आणि लिहायला बसले की हात चालायचा नाही.

नाना दर दोन महिन्यांनी फोन करायचे. "या भागातला राजा मेला का?"

"नाही अजून."

"बरं. तब्येतीला जपा म्हणावं त्याला."

भाऊसाहेबांनी मात्र कधीही विचारलं नाही. रविवारी हडपसरच्या भाजी मंडईत भेटायचे. मेथीची जुडी हातात घेऊन, सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करावी तसे म्हणायचे, "उंबरमाळला काय म्हणतंय पाऊसपाणी?"

"बरं आहे भाऊसाहेब."

"चंद्राक्का?"

"आहे."

"असू द्या, असू द्या. घाई नाही."

ते रविवार आता आठवले की मला माझाच राग येतो. त्यांना घाई होती. ते बोलत नव्हते, एवढंच.

* * *

आम्हाला कळलं ते चिवड्यामुळे.

नानांनी दिवाळीच्या फराळाचं एक पुस्तक काढलं. प्रुफं अर्थात भाऊसाहेबांकडे. पुस्तक छापून आलं, नानांनी सहज चाळलं, आणि चिवड्याच्या पानावर थांबले. "मीठ: दोन वाट्या."

ज्या माणसानं कादंबरीतल्या घोड्याला पाणी पाजल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, त्याच्या हातून दोन वाट्या मीठ सुटलं! नानांसारखा माणूस, पण एक शब्द वाकडा बोलला नाही. गुपचूप ते पान बदलून घेतलं आणि आम्हा दोघींना बजावलं, "त्यांच्याजवळ विषय काढायचा नाही."

तरी भाऊसाहेबांना कळलंच. त्यांनी स्वतःच सांगितलं. काचबिंदू होता. दोन वर्षं औषधं चालली होती. "कडेकडेनं जातंय हो मॅडम. शिवाराच्या हद्दी गेल्या, आता गावठाण तेवढं शिल्लक आहे." डॉक्टरांनी तेही किती दिवस राहील ते सांगितलं नव्हतं.

मग मागावं की नको अशा आवाजात ते म्हणाले, "तिसऱ्या भागाची प्रुफं जरा मोठ्या टायपात काढता येतील का?"

त्या आठवड्यात मी ऑफिसात रजा टाकली. साहेबानं कारण विचारलं. मी म्हटलं, "गावी पूर आलाय." पुढच्या चार महिन्यांत, मिळेल तेवढी रजा आणि राहिलेले सगळे शनिवार-रविवार घालून, मी पुस्तक पुरं केलं. शाप उतरला. पाणी आलं. उंबरमाळ बुडालं.

* * *

हा शेवटचा किस्सा मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

सगळं पुस्तक आम्ही चोवीसच्या टायपात छापून काढलं. गठ्ठा इतका झाला की रेवाला आणि मला तो दोन पिशव्यांतून न्यावा लागला. भाऊसाहेब दारातच उभे होते. दोन्ही पेन्सिली टोक करून ठेवलेल्या. त्यांनी पहिलं पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग खिडकीशी गेले. परत येऊन पान जागेवर ठेवलं आणि सुनेला म्हणाले, "चहा टाक गं."

आम्हाला उशीर झाला होता.

मग मीच वाचून दाखवायला लागले. पाच रविवार वाचत होते. मधेच भाऊसाहेब हात वर करून म्हणायचे, "थांबा, वारा कुठल्या दिशेचा म्हणालात?" मी सांगायचे, ते मान हलवायचे. पाचव्या रविवारी शेवटचं प्रकरण वाचलं. पाणी आलं, गाव गेलं, उंबराचा शेंडा दिसेनासा झाला. मी वर बघितलं.

"घरं किती होती?" त्यांनी विचारलं.

"कुठली?"

"उंबरमाळची. बुडाली ती."

मला माहीत नव्हतं. मी कधी मोजलीच नव्हती.

"मी मोजली होती," ते म्हणाले. "नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका धरणाखाली जायचं होतं गाव. घरटी मोजणी करायची, अंगण धरून. एक म्हातारी टेपाचं दुसरं टोक धरून उभी राहिली. म्हणाली, भाऊसाहेब, नीट मोजा. पुन्हा मोजायला तुम्हाला यायला मिळायचं नाही."

मी निघाले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पुस्तक तुमचं आहे मॅडम. मी आपला प्रुफं बघणारा माणूस." मी घरी येऊन पिशव्या कोपऱ्यात ठेवल्या आणि जेवले नाही.

सकाळी साडेसहाला फोन वाजला. "मॅडम, पहिला भाग काढा. पान एकतीस."

मी अर्धवट झोपेत पान काढलं.

"चंद्राक्काला अंगणातून नवव्या वेशीतला दिवा दिसतो ना?"

"हो."

"वेस नदीकाठी. म्हणजे दिवा खिंडीच्या पलीकडे, आणि खिंडीपेक्षा खाली. बरोबर?"

"बरोबर."

"खिंडीच्या माथ्यावरून नजर टाकून खालचा दिवा कोणाला दिसेल? जो खिंडीच्याही वर बसलाय त्याला! गाव खिंडीपेक्षा उंच आहे मॅडम. पाणी चढून चढून खिंडीपर्यंत येईल आणि तिथून पलीकडे निघून जाईल. उंबरमाळला लागतच नाही. मी म्हणालो होतो ना, सवडीनं मोजून सांगतो? रात्रभर सवडच होती." मग एकेक शब्द मोजून म्हणाले, "गाव बुडत नाही. तुमची मोजणी चुकलीये."

मी फोन धरून रडले. सरळ सांगते, लाजायचं काय त्यात? मग तोंड धुतलं आणि शेवटचं प्रकरण पहिल्या शब्दापासून पुन्हा लिहिलं. पाणी आलं, खिंडीपर्यंत चढलं आणि पलीकडे उतरून गेलं. चंद्राक्का अंगणात बसून बघत राहिली.

अंतिम प्रुफांच्या दिवशी भाऊसाहेब माझा हात धरून नानांचा जिना चढले. खालून शेठ आपण होऊन म्हणाले, "सावकाश. आज आवाज नाही करणार." रेवानं नवा नकाशा आणला होता. कागदावर तिनं लोकरीनं नदी चिकटवली होती, बारीक दोऱ्यानं खिंडीपर्यंत चढलेल्या पाण्याची रेघ, आणि उंबरमाळच्या जागी एक टिकली.

भाऊसाहेबांचं बोट लोकरीवरून निघालं. डोंगराकडून समुद्राकडे गेलं, मग उलट येऊन दोऱ्याला लागलं. दोऱ्यापाशी त्यांनी दुसरं बोट शेजारी टेकवलं. दोन बोटं झाली, आणि वर टिकली.

"दोन बोटं वर," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"शेवटचं पान द्या. निळी पेन्सिल."

नानांनी कागद पुढे सरकवला आणि त्यांचा हात धरून पानाच्या तळाशी नेऊन ठेवला. भाऊसाहेबांनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, न बघता. "मोजणी बरोबर." खाली सही. ओळ डावीकडे तळाला सुरू झाली ती वर वर सरकत उजवीकडे थेट छापलेल्या मजकुरात जाऊन पोचली.

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "ओळ चढावर चाललीये तुमची."

"जाऊ द्या हो नाना," भाऊसाहेब म्हणाले. "काल्पनिक राज्य आहे."